माहेरची मशीन

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला बजाजनगरातलं आमचं दुकान आणि विम्याची एजंट झालेली माझी धाकटी जाऊ आठवते. एके काळी माझ्या नवऱ्यापुढं पदर सावरून उभी राहणारी ती, त्या दिवशी दुकानाचा विमा उतरवायला त्याच्यासमोर खुर्चीवर बसली होती, आणि तो कान देऊन ऐकत होता. माझं त्यानं कधी असं ऐकलं नव्हतं. मी मान खाली घालून काजं करत होते आणि आतून जळत होते. "आगीची भरपाई मिळंल, दादा," ती म्हणाली, "पण दुसऱ्याच्या मालकीचं सामान यात येत नाय, ते वेगळं जोडून घ्यावं लागतं. ही मशीन कुणाची?" "दुकानाचीच की," नवरा म्हणाला. "ताईंच्या माहेरची हाय ना? मंग त्यांच्या नावानं जोडते." नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. "व्हय, तिचीच हाय." हेच मी लग्नापासून सांगत होते, तेव्हा तो हसून सोडून द्यायचा. तिनं एकदा विचारलं आणि त्याला पटलं. माझी मशीन विम्यात आली म्हणून मी जावेला चहा केला, पण साखर कमी घातली. आज त्याच मशीनला तेल घालते आहे, आणि जाऊ घरी आली की साखर घालताना माझा हात अजून आखडतो.