आईबाप कारखान्यावर असलेल्या पोरी

बीडमध्ये टेनिस खेळतात हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. पण गावात सिमेंटचं एक कोर्ट होतं, आणि मी आठवीत असताना तिथं नवे सर आले. पांढरा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, डोळ्यावर काळा चष्मा. मोठ्या शहरात खेळाडू घडवून आलेत, असं सगळे सांगायचे. माझे वडील बँकेत होते. त्यांनी लगेच माझं नाव घातलं.

सरांनी जवळच्या वसतिगृहातूनही काही मुली निवडल्या. त्या शिरूर कासार, आष्टीकडच्या. दसरा झाला की त्यांचे आईबाप ऊस तोडायला कारखान्यावर जायचे, ते उन्हाळ्यातच परतायचे. कुणी पाहुणे आले की सर त्या मुलींना ओळीत उभं करायचे आणि म्हणायचे, "गरिबाच्या लेकरांच्या हातात मी रॅकेट दिली." लोक टाळ्या वाजवायचे.

मी अजून त्याला 'सर' म्हणते आहे. पुढे म्हणवणार नाही.

त्या मुलींतली एक डावखुरी होती. शिरूर कासारजवळच्या वस्तीवरची, माझ्याच वयाची. तिची सर्व्हिस इतकी जोरात यायची की समोरचा चेंडूकडे बघतच राहायचा. आमची दोघींची जोडी जमली. ती माझ्या डब्यातलं लोणचं खायची आणि मी तिच्याकडून डाव्या हाताला येणारा चेंडू कसा घ्यायचा ते शिकायची.

मी चेंडू चुकवला तर तो नुसता ओरडायचा. तिनं चुकवला तर रॅकेटची कड तिच्या पोटरीवर बसायची. सकाळी वजनकाटा मांडून तो मुलांसमोर आमचं वजन मोठ्यानं वाचायचा. माझ्या वजनावर काही बोलायचा नाही. वसतिगृहातल्या मुलींना मात्र म्हणायचा, "कारखान्यावरचे बैल बी एवढं खात नसतील." मग त्यांचे डबे काढून घ्यायचा आणि खुर्चीत बसून स्वतःच खायचा. खाऊन झालं की तेलकट बोटं जवळ उभ्या असलेल्या पोरीच्या टी-शर्टला पुसायचा. हे आमच्यासारख्या गावातल्या पोरींचे आईबाप बघत असायचे. म्हणायचे, कडक माणूस आहे.

कोर्टाच्या मागं नेट आणि चेंडू ठेवायची खोली होती. सराव संपला की 'स्नायू मोकळे करायला' तो एकेकीला तिथं बोलवायचा. मला कधीच बोलावलं नाही. माझे वडील फाटकाबाहेर स्कूटरवर बसलेले असायचे.

रविवारी आम्ही पालीच्या धरणाकडं पळायला जायचो. तो मोटारसायकलवरून मागं यायचा. एका रविवारी तो आला नव्हता. धरणाच्या भिंतीजवळ माझी मैत्रीण पळता पळता थांबली आणि खाली बसली.

"पाय दुखतोय का?" मी विचारलं.

"न्हाई. मला त्या खोलीत जायचं न्हाई."

"मग जाऊ नको."

"न्हाई गेलं तर टीममधून काढतो म्हन्ला. वसतिगृहातून बी काढायला लावतो म्हन्ला. मी कुठं जाऊ? माय कारखान्यावर हाय."

मग तो काय करतो ते तिनं सांगितलं. जमिनीकडं बघत, थोड्याच शब्दांत. मला उलटी झाली. तिनंच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

घरी आल्यावर मी सगळं आईला सांगितलं. आईनं गॅस बंद केला, चप्पल घातली आणि मला घेऊन वसतिगृहात गेली. तिथल्या अधीक्षकबाईंनी मैत्रिणीला जवळ घेतलं आणि तिच्या आईला, म्हणजे मावशींना, फोन लावला. मावशी दुसऱ्या दिवशी एसटीनं आल्या. हातांवर उसाच्या पात्यांचे चरे होते. लेकीसमोर बसून त्यांनी एवढंच विचारलं, "मला कावून न्हाई सांगितलं?"

"तू लई लांब हुतीस, माय."

त्या संध्याकाळी कोर्टावर पालक जमले. मला वाटलं, आता सगळे चिडतील. एक काका उभे राहिले. त्यांची मुलगी राज्य स्पर्धेला जाणार होती. "अशा पोरी काहीबाही बोलतात. आईबाप जवळ नसतात, वळण कोण लावणार?" दुसरे म्हणाले, "स्पर्धा होऊन जाऊ द्या, मग बघू." मावशी तिथंच उभ्या होत्या. त्यांना बसा म्हणूनसुद्धा कुणी म्हटलं नाही. माझी आई म्हणाली, "आमी पोलिसात चाललोय. यायचं त्यानं यावं." कोणी आलं नाही.

तक्रार झाली. मग वसतिगृहातल्या आणखी दोघी बोलल्या. त्याला धरून नेलं तेव्हाही कोर्टाच्या भिंतीवर त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता, आणि खाली शुभेच्छुक म्हणून याच पालकांचे फोटो. खटला आमची बारावी होईपर्यंत चालला. मैत्रिणीनं साक्ष दिली, त्याच्या वकिलानं फिरवून फिरवून विचारलेलं सगळं सोसलं. त्याला शिक्षा झाली. ती पुन्हा खेळली नाही. आज ती आष्टीच्या एका दवाखान्यात नर्स आहे, आणि टीव्हीवर टेनिस लागलं की चॅनल बदलते.

मागच्या वर्षी एका लग्नात ते काका भेटले. हातात जिलेबीची प्लेट. त्यांची मुलगी खेळाच्या कोट्यातून नोकरीला लागली, तेच सांगत होते. बोलता बोलता म्हणाले, "मानूस वाईट निघाला, पण शिकवायचा चांगलं. आमच्या पोरीला त्यानंच घडवलं."

मी म्हणाले, "काका, तुमचं घर कोर्टासमोर होतं, म्हणून तुमची पोरगी वाचली. तो आधी ते बघायचा."

त्यांनी जिलेबीचा तुकडा तोंडात टाकला, बोटं चाटली आणि म्हणाले, "जाऊ दे बाई, जुनं झालं. जेवलीस का?"

मी न जेवता बाहेर पडले.