एरियलची जागा

रिसोडच्या बसस्टँडमागं तो गाड्यांचे रेडिओ बसवतो. ड्रिल हातात घेण्याआधी बोटाच्या पेरानं पत्रा वाजवून पाहतो, बाया टरबूज पाहतात तसा. घाई केली की म्हणतो, "भोक पाडनं सोपं हाय भाऊ, बुजवनं नाई."

बाबांच्या जुन्या जीपचं, त्यानंच बसवलेलं एरियल शेताच्या वाटेवर बाभळीत अडकून मोडलं. बाबा आता नाहीत, जीप मी चालवतो. त्याला म्हटलं, "या खेपेला मागं लावा, फांद्या लागणार नाहीत."

त्यानं मागचा पत्रा वाजवला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. डोळे मिटून उजवा हात बाहेर काढला. बोटं काचेजवळ उरलेल्या एरियलच्या खुंटावर टेकली.

"इथंच लावतो."

"काहून?"

"मांगं तुमचा हात पुरन का? रेडिओ खरखरला का तुमचे बाबा असेच एरियल धरत. धरलं का गानं साफ."

लहानपणी मागच्या सीटवरून मला वाटायचं, बाबा हाताला वारा घेतात.

परवा जऊळक्याच्या रस्त्यावर रेडिओ खरखरला. मी हात बाहेर काढून एरियल धरलं. गाणं साफ झालं, संपलं, बातम्या लागल्या. हात मी आत घेतला नाही.