आतेभावाचं जनावर

माझ्या आतेभावाइतका भित्रा माणूस साऱ्या मुलुंडात नव्हता, आणि दर रविवारी जंगलात जायचा त्याच्याइतका हट्टही कुणाला नव्हता. या दोन गोष्टी एकाच देहात कशा नांदत होत्या, हे त्याच्या बायकोलाही कधी उमगलं नाही. मी एकदा विचारलंच, तर म्हणाला, "अरे, भीती काय, घरात बसून पण वाटतेच ना! इथे निदान हवा तरी चांगली." ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी नाशिकहून नोकरीसाठी येऊन त्याच्याकडे राहत होतो, त्यामुळे सोबतीला आयताच सापडलो होतो.

मुलुंडच्या मागच्या डोंगरात एक ओढा आहे. वाट अशी नाहीच. धोंड्यांवरून उड्या मारत, काटेरी जाळ्या बाजूला सारत पाण्याच्या कडेकडेने चढायचं. निघण्यापूर्वी हा स्वतःचे बूट आपटून झटकायचा, मग माझेही. पिशवीत दोरी, हळद, तुरटी, कांदा आणि गळ्यात शिट्टी. एकदा ती वाजते की नाही हे बघायला त्याने जीव खाऊन फुंकली, तर डोक्यावरच्या मोळ्या टाकून दोन बायका "कोण पडलं?" म्हणत धावत आल्या. याने ओशाळून आमचा सगळा चिवडा त्यांना देऊन टाकला आणि मी दिवसभर उपाशी. चालताना तो कायम माझ्या मागे. "पाय कुठे ठेवतोस? बघ आधी. बघितलंस? परत बघ." मला संताप यायचा, पण खरं सांगतो, थोड्या वेळाने त्याची भीती मलाही चढायची आणि प्रत्येक सावलीत बिबट्या दिसू लागायचा.

त्या रविवारी थंडीतलं कोवळं ऊन होतं. मी पाण्यातल्या एका धोंड्यावर उभा असताना मागून तो किंचाळला, "जनावर! जनावर रे!" बिबट्याच आला, दुसरं काय! जीव वाचवायला मी समोरच्या कातळाकडे झेपावलो. आतेभाऊ मालवणचा. त्याच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. हे नाशिकच्या माणसाला कोण सांगणार? त्या कातळावरच घोणस ऊन खात पडली होती. मी हात टेकणार तोच तिचा फुत्कार ऐकला, आणि त्याच क्षणी कॉलरला धरून मला मागे खेचलं गेलं. घरात पाल दिसली तरी स्टुलावर चढणारा हा माणूस साप समोर असताना पुढे धावला होता. आम्ही दोघेही पाण्यात आदळलो.

"अरे, सरळ साप म्हणायला काय झालं होतं?" मी ओरडलो.

"नाव घेऊ नये रे," तो म्हणाला. मग माझे दोन्ही हात उलटसुलट करून तपासू लागला. "मामीक काय तोंड दाखवतलंय मी?"

मामी म्हणजे माझी आई. परतताना त्याने माझं मनगट धरलं, ते बसस्टॉपवर लोक बघायला लागले तरी सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही.

त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलं म्हणतात, बाबा, तो ओढा दाखवा ना एकदा. मी काहीतरी कारण काढतो. बिबट्याची नाही, सापाचीही नाही. माझ्या मागून तो येत नसताना तिथे चालायचं, याचीच मला भीती वाटते.