भावाला भाव

फसवलं मी, आणि फसला माझा सख्खा थोरला भाऊ. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही.

टोपी बाजारात माझं दवाखान्याच्या सामानाचं दुकान. भांडून, घासाघीस करून उभं केलेलं. दादा संस्थानच्या फौजेत होता. संस्थान विलीन झालं, वर्दी उतरली. ऐट नाही उतरली. चारचौघांत मला ‘दलाल’ म्हणायचा. मी ते गिळलं — पचवलं मात्र नाही.

राजधानी आमच्या शहरातून भोपाळला गेली त्या वर्षी दादाची लघवी अडली. पोट दगडासारखं झालेलं. डॉक्टर म्हणाले, रबरी नळी घालावी लागेल. आधी सुन्न करणारी जेली आत सोडून थोडं थांबलं, तर पुरुषाला होणारा त्रास पुष्कळ कमी होतो. पण सरकारी खाती भोपाळला हलवण्याच्या गोंधळात दवाखान्याच्या कपाटांना सील लागलेलं. त्यांनी मला विचारलं, “आपकी दुकान में तो होगी?”

दुकानात कशाला? जेलीची ट्यूब माझ्या कोटाच्या खिशात होती. लघवी अडल्याचा निरोप मिळताच घेऊन निघालो होतो. म्हणजे द्यायचीच होती ना मला?

तेवढ्यात दादा, त्या कळांतही, हसला. “त्याला काय विचारता डॉक्टरसाहेब? तो भावालासुद्धा भाव सांगेल!”

सगळी खोली हसली. खिशातल्या ट्यूबवर माझी मूठ आवळली. एकदा माग, दादा — तोंडाने माग, मग देतो. सौद्यात समोरच्याला असंच ताटकळत ठेवायची माझी सवय. पण हा सौदा होता का?

“नहीं है,” मी म्हणालो.

नुसतं तेल लावून नळी घातली. दादा ओरडला नाही. त्याने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बोटं उमटली. दुसरा हात माझा खिशातच होता. तेव्हाही काढता आला असता — नाही काढला.

नंतर घाम पुसत म्हणाला, “बाळ्या, मघाशी उगाच बोललो. तुझ्याकडे असती तर तू दिलीच असतीस.”

मी मान डोलावली. त्याच्यासाठी मरेपर्यंत तेच खरं राहिलं.

दलाल म्हटल्याचा हिशेब मी त्याच्याकडे मागत फिरलो. तो हिशेब आता बंद. जाब द्यायचाय तो मला. आज वहिनीसमोर, पुतण्यांसमोर हे लिहिलेलं वाचून दाखवणार आहे. त्यांनी मला बसू देऊ नये. उभं करून विचारावं — ट्यूब मुठीत होती, मूठ का उघडली नाहीस?