शिकाऊ जागा कुणाच्या घरची?

अन्याय माझ्यावर झाला. आषाढातल्या तिसऱ्या शुक्रवारी, सकाळी साडेदहा वाजता, सिनेमाच्या सेटवरून मला घरी पाठवलं तेव्हा. कॉलेजात वाटायच्या पत्रकांत मी नेहमी दुसऱ्यांवरचे अन्याय लिहिते, बसपासाचे, वसतिगृहातल्या पाण्याचे. हा माझा आहे, आणि त्यात हेवा मिसळलेला आहे. तो मी गाळून देणार नाही.

दिग्दर्शन विभागात एकच शिकाऊ जागा होती. उमेदवार दोघी: मी आणि माझ्या वर्गातली एक मुलगी. तीन दिवस दोघींनी काम करायचं, मग एकीला ठेवणार. सिनेमात शिरू पाहणाऱ्या पोरीला याहून खालची पायरी नाही, आणि ही चढल्याशिवाय वरची कुणी दाखवत नाही. मला ती जागा भूक लागल्यासारखी हवी होती.

शूटिंग त्या मुलीच्याच घरी होतं. लाल गुळगुळीत जमिनीचा लांब व्हरांडा, मागे चिकूची झाडं. घर तिच्या वडिलांनी दिलं, आणि देतानाच या जागेसाठी मुलीचं नाव सांगितलं.

आमचं काम कंटिन्युइटीचं. म्हणजे एका शॉटमध्ये जे जसं होतं ते पुढच्या शॉटमध्ये तसंच आहे ना, हे बघायचं. पेल्यात कॉफी किती, शर्टाचं कितवं बटण उघडं, सगळं वहीत टिपायचं. दुसऱ्या दिवशी तिने नायकाचं घड्याळ उजव्या हातावर लिहिलं. होतं डाव्या. अर्ध्या सकाळचं काम परत करावं लागलं. दिग्दर्शक हसले. "अय्यो मॅडम, वाट लावलीत की आमची!" तिच्या आईने सगळ्यांना गरम उप्पीट पाठवलं आणि विषय संपला.

तिसऱ्या दिवशी माझी चूक. प्रसंग मारामारीचा, नायकाच्या शर्टाची बाही खांद्यापाशी फाटलेली. अर्धा प्रसंग झाला आणि नाश्त्याची सुट्टी झाली. शर्ट हँगरवर लटकत होता. मी लष्कर मोहल्ल्यातल्या शिंप्याची मुलगी. आमच्या दुकानात फाटकं हँगरवर चढत नाही. बाबा म्हणतात, फाटकं टांगलं म्हणजे गिऱ्हाइकाची लाज टांगली. माझ्या कुर्त्याच्या गळ्याला सुई कायम खोचलेली असते. हात गेला. मांडीवर वही उघडी, तिच्यात माझ्याच अक्षरात 'बाही फाटकी' असं लिहिलेलं, आणि मी शिवत होते.

नायक शर्ट घालून आला. बाही अखंड. वेशभूषेच्या मास्टरांनी ती पुन्हा फाडायला ओढली, तर टाका तुटेना, कापडच शेजारून फाटलं. मी घाबरले, आणि खोटं कशाला बोलू, टाक्याचा जरा अभिमानही वाटला.

या वेळी कुणी हसलं नाही. "जा घरी," दिग्दर्शक म्हणाले. "आधी शिकून ये." शिकायचीच जागा होती ना ती?

ती राहिली. पुढे तिचे फोटो मी रोज बघत होते. हातात क्लॅपची पाटी, गळ्यात ओळखपत्र, बैलकुप्प्याच्या शूटिंगला मॉनिटरमागे उभी. प्रत्येक फोटो मोठा करून मी चूक शोधायची. तिचा असा घोळ होऊ दे की उप्पिटाने भागणार नाही, असं विठ्ठलाच्या तसबिरीला उदबत्ती लावतानासुद्धा मनात यायचं.

दुसरा सिनेमा मिळाल्यावर ती आमच्याच दुकानात आली, मुहूर्ताला घालायचा ब्लाउज शिवायला. बायकांची मापं मी घेते.

"अजून रागावलीस का गं?"

"हात वर कर."

"सुम्मने, उगाच तोंड पाडून बसू नको. एक चूक तुझी, एक माझी. मी काय तुझ्यासाठी डायरेक्टरशी भांडायचं होतं?"

"हो."

"आणि तू कशी आलीस गं सेटवर? मास्टर तुझ्या बाबांकडे कपडे दुरुस्तीला टाकतात, म्हणून. माझ्या बाबांचं घर, तुझ्या बाबांचं दुकान. अल्लवा, हो की नाही?"

मशीन न थांबवता बाबा म्हणाले, "बरोबरच बोलती की ती."

टेप तिच्या खांद्यावर होती. माप इंचभर घट्ट लिहावं असं फार वाटलं. चोख लिहिलं. तेवढा दुष्टपणा आमच्या दुकानात चालत नाही.

तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. आमच्या वर्गात कृष्णराजनगरहून रोज बसने येणारी एक मुलगी आहे. घरची भातशेती, सिनेमावाल्यांशी ओळख नाही, घर मागायला कुणी येत नाही. मोबाईलवर तिने केलेली छोटी फिल्म आम्हा दोघींच्या कुठल्याही कामापेक्षा सरस आहे. अशी जागा आहे हे तिला कळलंच नाही. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. तिचाही मला हेवा वाटायचा.

तेव्हा तुम्हाला सांगते, विनंती करत नाही. तुमचं घर, कॉलेज, दुकान शूटिंगसाठी मागायला कुणी आलं, तर किल्ली देण्याआधी विचारा, शिकाऊ जागा किती आहेत? काम काय, अर्ज कुठे द्यायचा, निवड कोण करणार, चुकल्यावर दुसरी संधी मिळणार का, हे कागदावर लिहून फाटकाला लावायला सांगा, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही वाचता येईल असं. कागद लागेपर्यंत किल्ली खिशातच ठेवा. आणि तुमच्या मुलीला ती जागा हवी असेल, तर तिलाही अर्ज करायला लावा, रांगेत उभं राहून.