बोटीखालचा गालिचा

धक्क्यावर सगळेच तिला आत्या म्हणत. नवऱ्यामागे तिनं त्याची सपाट बोट चालवायला घेतली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. आत्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. दिवसभर खाडीपलीकडे माणसं पोचवायची आणि संध्याकाळी धक्क्याला बसवलेल्या लिफ्टच्या तुळयांवर बोट पाण्याबाहेर उचलून ठेवायची. मग ॲल्युमिनियमची दोन्ही पोकळ नळकांडी, ज्यांच्यावर बोट तरंगते, ती गोड्या पाण्यानं धुवायची, लहान पोराचे कान धुवावेत तशी. नाहीतर मीठ धातू खातं.

तरीही यंदा नळकांड्यांवर पांढऱ्या पुटकुळ्या आल्या.

भाचा खाली वाकून म्हणाला, "संपली ही. आत पाणी शिरलं असेल तर विकायची. भंगारवाला बघून गेलाय."

"मग मलाही दाखवायचं होतंस त्याला. माझे गुडघे कुठे धड आहेत?"

"चेष्टा नको, आत्या. घरी ये, आराम कर."

आराम म्हणजे त्याच्या ओट्याशी बसून शेंगा सोलणं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती सरळ बोटीखाली शिरली. पुटकुळ्या होत्या त्या फक्त नळकांडी लिफ्टच्या तुळयांवर टेकत तिथेच. बोटीला ओरखडे नकोत म्हणून त्या तुळयांवर तिनंच जुना गालिचा ठोकला होता. तो आत्ताही ओलागच्च होता. त्यात करंगळी दाबून जिभेला लावली, तर खारट! रोज रात्री ती बोटीला मिठाच्या पोटिसावर निजवत होती.

"म्हणजे तूच खाल्लीस की!" भाचा म्हणाला.

"हो, मीच. लाडानं." तिनं पक्कड घेतली आणि गालिचा टराटरा उचकटला. "हा ने तुझ्या दिवाणखान्यात."

भाच्यानं नळकांड्याच्या टोकाचं बूच फिरवलं. पाण्याची धार लागली, ती थांबेना.

"आता?"

"आता वेल्डरला बोलाव."

"पाणी निघालं तर विकायची, असं ठरलं होतं!"

"तू ठरवलंस. मी कधी हो म्हटलं?"

वेल्डरनं भोकं बुजवली. तुळयांवर पाणी न धरणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या बसल्या. पहिल्या फेरीला भाचा धक्क्यावर घुटमळत होता.

"चढतोस, की पोहत येतोस?"

तो चढला, पण विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. आत्यानं ते पाहिलं, इंजिनाचा वेग वाढवला आणि त्याला पलीकडच्या काठावर कोरडा ठणठणीत उतरवलं. तिकिटाचे पैसेही घेतले.