खारूताईचा उरलेला निबंध

निबंधाचा तास म्हटला की वर्गाला जांभया याव्यात, हा जगाचा नियम. पण बाईंच्या तासाला मागच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा पुढे सरकून बसत. कारण बाई निबंध तपासायच्या आधी वाचून दाखवत. वाचत कसल्या, उभा करत! ‘आमची मांजर दूध पिते’ एवढंच कुणी लिहिलेलं असलं, तरी बाई टेबलावर वाकून अशा मिटक्या मारत की लिहिणारा स्वतःच थक्क होई. मग कागद खाली ठेवून, भुवई उंचावून त्या विचारत, "पुढे?" त्या एका शब्दापायी पोरं घरी जाऊन पानंच्या पानं भरत.

लिहीत नसे ती एकच मुलगी. सदा पेन्सिल कुरतडायची, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. एका शनिवारी घंटा झाल्यावर तिने घडी घातलेला कागद पुढे केला.

"बाई, आमच्या आजोबांवर लिहिलंय. तुम्ही त्यांची नक्कल केलीत ना, की मी घरी जाऊन त्यांना सांगणार."

"अगं, मग असं उभ्या उभ्या वाचू होय? सोमवारी. पहिला नंबर तुझा."

सोमवारी बाई आल्या नाहीत. घशातली गाठ अचानक वाढली होती, डॉक्टरांनी रविवारीच दाखल करून घेतलं. ऑपरेशननंतर आवाज राहील याची खात्री कुणी देत नव्हतं. नवरा उशाशी बसून म्हणाला, "चला, आता भांडणात मी जिंकणार."

"हात शाबूत आहेत माझे, विसरू नका!" बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातलं ते शेवटचं वाक्य.

गाठ गेली, आवाजही गेला. बऱ्याच दिवसांनी त्या वर्गाचा निरोप घ्यायला आल्या, तेव्हा नव्या शिक्षिकेने हळूच सांगितलं, "सगळ्यांचं वाचून झालं. ही एकटी कागद देत नाही. म्हणते, बाईंनी कबूल केलंय."

बाईंनी हात पुढे केला. खारूताईने कागद दिला. घड्यांवर तो फाटायला आला होता.

बाईंनी तो मनात वाचला, मिटला आणि त्या कंबरेत वाकल्या. एका हाताने नसलेली काठी टेकत फळ्याशी गेल्या. खिसे चाचपले, बाकांखाली डोकावल्या, पहिल्या बाकावरच्या पोराकडे संशयाने पाहिलं. शेवटी हात कपाळाशी गेला, आणि चष्मा तिथेच सापडला! वर्ग खो खो हसला. खारूताई तर उभी राहून टाळ्या पिटत होती. "अस्सेच! बाई, अगदी अस्सेच होते!"

त्या ‘होते’पाशी बाई थबकल्या. तरी जन्माची सवय. भुवई उंचावली, ओठ हलले. शब्द उमटला नाही, पण वर्गाला तो पाठ होता.

"पुढे काही नाही, बाई," खारूताई म्हणाली. "तुम्ही दवाखान्यात होतात, तेव्हाच ते गेले. रोज विचारायचे, वाचला का गं बाईंनी? मी म्हणायचे, सोमवारी."

बाई तिच्या बाकावर, तिच्या शेजारी बसल्या. कागद उलटा करून त्याची कोरी बाजू तिच्यासमोर ठेवली. खारूताईने पेन्सिल तोंडात घातली, मग काढली. पहिला शब्द तिने लिहिला, ‘सोमवारी’. पुढचा येईपर्यंत बाई तिथून हलल्या नाहीत.